पेर्गाऊ धरण: सचिवांची हरकत, मंत्र्यांचा आदेश आणि उशिरा जागी झालेली संसद

१९९१ च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या एका सचिवांनी आपल्या मंत्र्यांना लेखी कळवलं: मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनच्या मदतीचे पैसे देणं माझ्या हिशेबाच्या जबाबदारीत बसत नाही, द्यायचेच असतील तर तसा लेखी आदेश द्या. जुलैमध्ये मंत्र्यांनी आदेश दिला आणि पैसे गेले. ही हरकत संसदेच्या टेबलावर आली १९९३ च्या ऑक्टोबरात, तीही लेखापरीक्षकांच्या अहवालातून.

मधली ही सव्वादोन वर्षं मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटतात. शस्त्रास्त्रांचा व्यवहार, पंतप्रधानांचा शब्द, मलेशियाचा रुसवा या गोष्टी रंजक आहेत आणि त्यांच्याबद्दल भरपूर बोललं गेलं आहे. पण सार्वजनिक पैशावर लक्ष ठेवणाऱ्याने पाहायचं ते हे, की इतका स्पष्ट शेरा नस्तीत असताना तो योग्य माणसापर्यंत वेळेवर का पोचला नाही.

पदामुळे ज्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत तेवढीच इथं घेतली आहेत. पाहणी करणारे, टिपण्या लिहिणारे आणि कंपन्यांच्या वतीने बोलणी करणारे लोक नावाशिवाय येतात.

पार्श्वभूमी

ब्रिटन आणि मलेशिया यांचे संबंध १९८१ मध्ये बिघडले. परदेशी विद्यार्थ्यांची फी ब्रिटनने वाढवली होती आणि त्याचा फटका मलेशियन कुटुंबांना बसला. त्याच वर्षी मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने लंडनच्या शेअर बाजारात काही तासांत गुथ्री या जुन्या रबर-पाम कंपनीचा ताबा मिळवला आणि लंडनने त्यावर नाराजी दाखवली. पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी मग फर्मान काढलं: ब्रिटिश माल घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी हे संबंध सांधले. त्यामुळे १९८८ मध्ये मलेशिया मोठी शस्त्रखरेदी करणार असं दिसू लागलं, तेव्हा ती हातची जाऊ नये अशी लंडनमध्ये सगळ्यांचीच इच्छा होती.

मदतीचा पैसा तेव्हा ओव्हरसीज डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे ओडीएकडे असे. हे खातं परराष्ट्रमंत्र्यांच्या हाताखाली होतं. त्याच्याकडे ‘एड अँड ट्रेड प्रोव्हिजन’ नावाची योजना होती. गरीब देशाला प्रकल्पासाठी सवलतीचं कर्ज मिळावं आणि कंत्राट ब्रिटिश कंपनीला जावं, असा तिचा दुहेरी हेतू. एका निधीला दोन धनी असले की दुष्काळात कोणाचं शेत आधी भिजतं, हे आपल्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या कोणत्याही चारीवर उभं राहिलं तरी कळतं.

आपल्याकडेही या धोरणाचा अनुभव आला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला भारताला मिळालेल्या ब्रिटिश मदतीतले ६.५ कोटी पौंड वेस्टलँड कंपनीच्या २१ हेलिकॉप्टरांसाठी होते. मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करण्याच्या कामासाठी ती पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीकडे आली. दोन अपघातांनंतर ताफा जमिनीवर बसला आणि १९९३ मध्ये उरलेली हेलिकॉप्टरं सुमारे ९ लाख पौंडांना विकली गेली. मदत कागदावर भारताला होती, तिची खरी निकड इंग्लंडमधल्या एका कारखान्याला होती.

पेच

मार्च १९८८ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर यांनी क्वालालंपूरला एका प्राथमिक करारपत्रावर सही केली. मलेशिया अंदाजे १ अब्ज पौंडांची शस्त्रं घेणार आणि त्या रकमेच्या २० टक्के मदत ब्रिटन देणार, असं गणित त्यात मांडलं होतं. विकासाची मदत शस्त्रविक्रीला बांधायची नाही हे सरकारचं जाहीर धोरण. लंडनमध्ये हा कागद पोचताच धावपळ झाली.

आता जूनमधली दोन पत्रं. यंगर यांनी मलेशियाच्या अर्थमंत्र्यांना कळवलं की मदत शस्त्रांशी जोडता येणार नाही. त्याच दिवशी ब्रिटिश उच्चायुक्तांकडून वेगळं पत्र गेलं: एड अँड ट्रेड प्रोव्हिजनमधून २० कोटी पौंडांपर्यंत मदत देऊ करता येईल. १ अब्जाचे २० टक्के म्हणजे २० कोटीच. पहिल्या पत्राने गाठ सोडली आणि दुसऱ्याने गाठीत बांधलेली रक्कम जशीच्या तशी हातात ठेवली. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की आणखी कुठला पुरावा लागत नाही, असं मला वाटतं. सप्टेंबरात शस्त्रखरेदीच्या सामंजस्य करारावर दोन्ही पंतप्रधानांच्या सह्या झाल्या.

मदतीसाठी प्रकल्प पुढे आला तो थायलंडच्या सीमेलगतच्या केलांतान राज्यातला: पेर्गाऊ नदीवरचा जलविद्युत प्रकल्प. बाल्फर बीटी आणि सिमेंटेशन या ब्रिटिश कंपन्यांनी मिळून किंमत सांगितली सुमारे ३१.६ कोटी पौंड. मार्च १९८९ मध्ये ओडीएचं छोटं पथक घाईघाईने पाहणी करून आलं. सखोल तपासणीला सवड नव्हती, कारण महाथीर लंडनला येणार होते. १५ मार्चला थॅचर यांनी त्यांना ६.८२५ कोटी पौंडांपर्यंतच्या मदतीचा तोंडी शब्द दिला.

जेमतेम दोन आठवड्यांत कंपन्यांनी किंमत ३९.७ कोटींवर नेली.

शब्द ३१.६ कोटींच्या धरणाला दिला होता. ८ कोटींनी महागलेलं धरण हा दुसराच प्रकल्प आहे, तपासून सांगतो, असं म्हणण्याची ही सगळ्यात सोपी वेळ होती. पण एप्रिलमध्ये औपचारिक देकार गेला आणि पंतप्रधानांच्या शब्दाला सरकारी शिक्का लागला.

फेब्रुवारी १९९० पर्यंत ओडीएच्या अर्थतज्ज्ञांचं सविस्तर गणित तयार झालं. मलेशियाकडे स्वतःचा नैसर्गिक वायू होता. वायूवर चालणाऱ्या जनित्रांशी तुलना केली तर पेर्गाऊमुळे मलेशियाच्या वीजग्राहकांवर ३५ वर्षांत सुमारे १० कोटी पौंडांचा जादा बोजा पडणार होता. ब्रिटनच्या करदात्याने पैसे द्यायचे आणि त्यातून मलेशियाच्या घराघरांतलं विजेचं बिल वाढायचं. याला मदत म्हणणं कठीण आहे.

समोर असलेले पर्याय

मलेशियाने प्रकल्प पुढे न्यायचं पक्कं केल्यावर १९९१ च्या सुरुवातीला फाइल परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांच्यासमोर आली. थॅचर पायउतार झाल्या होत्या आणि जॉन मेजर पंतप्रधान होते.

पहिला मार्ग नकाराचा: किंमत वाढली, गणित जुळत नाही, म्हणून देकार मागे. यात अप्रामाणिकपणा काही नव्हता, पण क्वालालंपूरमध्ये नामुष्की होती आणि ब्रिटिश कंपन्यांची पुढची कंत्राटं धोक्यात येणार होती. दुसरा मार्ग प्रकल्प लांबणीवर टाकण्याचा, किंवा तेवढ्याच पैशात मलेशियाला खरोखर उपयोगी पडेल असं दुसरं काम शोधण्याचा.

तिसरा मार्ग म्हणजे पैसे द्यायचे, पण मदतीच्या डब्यातून नाही. मुत्सद्देगिरीसाठी किंवा निर्यातीसाठी हे देणं गरजेचं आहे असं सरकारला मनापासून वाटत असेल, तर तसं उघड सांगून वेगळी तरतूद संसदेकडून मंजूर करून घ्यायची. मला विचाराल तर प्रामाणिक मार्ग हाच होता. अडचण इतकीच, की त्यासाठी कारण मोठ्याने बोलावं लागलं असतं.

आणि चौथा: शब्द दिलाय, पाळायचा.

काय केलं गेलं

ओडीएचे स्थायी सचिव सर टिम लँकेस्टर यांनी आपलं मत मोघम ठेवलं नाही. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या वाईट आहे असं त्यांनी लिहिलं आणि मंत्र्यांच्या लेखी आदेशाशिवाय पैसे सोडणार नाही असं सांगितलं. याचं महत्त्व कळायला तिथली रीत माहीत हवी. ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्याचा स्थायी सचिव हा त्याचा अकाउंटिंग ऑफिसरही असतो आणि खात्याच्या पै-पैशाबद्दल संसदेच्या लोकलेखा समितीला तो स्वतः उत्तर देतो. ‘मंत्र्यांनी सांगितलं म्हणून केलं’ हा बचाव तिथं चालत नाही; आधी लेखी हरकत आणि तीवर मंत्र्यांचा लेखी आदेश असेल तरच चालतो. तो मिळाला की जबाबदारी मंत्र्यांची. हत्यार क्वचित उपसलं जातं, कारण ते उपसणं म्हणजे मंत्र्यांना तोंडावर सांगणं की तुमचा निर्णय मला संसदेपुढे समर्थनीय वाटत नाही.

हर्ड यांचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. पंतप्रधानांनी दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानांना दिलेला शब्द मोडला तर ब्रिटनच्या शब्दाला किंमत काय राहील, आणि मलेशियाशी असलेल्या व्यापारावर हजारो नोकऱ्या अवलंबून असताना तो धोका का पत्करायचा? परराष्ट्रमंत्र्याने असा विचार करणं चूक नाही. मदतीच्या पैशाचा विश्वस्त म्हणून असा विचार करणं चूक होतं, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला होता.

जुलै १९९१ मध्ये आदेश निघाला, करार झाला. प्रकल्पाची किंमत तोवर ४१.७ कोटी पौंड झाली होती. कर्जाच्या सवलतीपोटी ब्रिटनने १४ वर्षांत द्यायची मदत २३.४ कोटी पौंड. एका प्रकल्पाला तिथल्या मदतखात्याने तोवर इतके पैसे कधीच दिले नव्हते.

संसदेने काय विचारलं

नॅशनल ऑडिट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये आला. लोकलेखा समितीपुढे लँकेस्टर यांची साक्ष झाली जानेवारी १९९४ मध्ये. अध्यक्षपदी विरोधी मजूर पक्षाचे रॉबर्ट शेल्डन होते, कारण ही समिती विरोधकांकडे देण्याचा तिथं जुना संकेत आहे. (आपल्या लोकलेखा समितीतही १९६७ पासून तोच पाळला जातो.) लँकेस्टर यांनी समितीपुढेही शब्द मवाळ केले नाहीत. हा सौदा अत्यंत वाईट होता आणि मदत योजनेचा गैरवापर होता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कार्यरत सचिव आपल्याच सरकारच्या निर्णयाबद्दल संसदेत असं बोलतो, तेव्हा पत्रकारांना वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

लोकलेखा समितीचा रोख पैशाच्या मोबदल्यावर, म्हणजे खर्चाच्या बदल्यात पुरेसं मिळतं का यावर, राहिला. शस्त्रांशी असलेल्या संबंधाचा प्रश्न परराष्ट्र व्यवहार समितीने हाती घेतला. यंगर आणि हर्ड या दोघांनाही तिथं उत्तरं द्यावी लागली. समितीत बहुमत सत्ताधारी पक्षाचं होतं, तरी जुलै १९९४ च्या अहवालात एक वाक्य उमटलं, जे कुठल्याही विधिमंडळाच्या प्रश्नोत्तर कक्षात लावून ठेवावं असं आहे: काही प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं शब्दशः खरी होती, पण सभागृहाला अपेक्षा करण्याचा हक्क आहे तितकी मोकळी आणि माहितीपूर्ण नव्हती.

‘शब्दशः खरी’ या दोन शब्दांपाशी थांबायला हवं. मदत शस्त्रांशी जोडलेली आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर जूनच्या पहिल्या पत्रानंतर कागदोपत्री खरं होतं. ते उकलायला सदस्याला दुसरं पत्र अस्तित्वात आहे हेच आधी माहीत असावं लागतं. तारांकित प्रश्नाने ते बाहेर येत नाही. कागद मागवण्याचा अधिकार, समोर बसलेला साक्षीदार आणि पुन्हापुन्हा विचारायला मिळणारा वेळ, हे सगळं समितीकडेच असतं.

त्याची किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी १९९४ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांतल्या आरोपांवर चिडून मलेशियाने सरकारी कंत्राटांत ब्रिटिश कंपन्यांना बंदी केली. ती सप्टेंबरात उठली. ज्या व्यापारासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच काही महिने अडला.

निकाल

दोन समित्यांनी ताशेरे ओढले, पण हप्ते चालूच राहिले. अहवालाने करार रद्द होत नाही. ते काम केलं न्यायालयाने, आणि तिथं सरकारला नेलं वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट या स्वयंसेवी संस्थेने.

१० नोव्हेंबर १९९४ ला निकाल लागला. १९८० च्या मदत कायद्याचं पहिलंच कलम सांगत होतं की ही सत्ता परदेशाच्या विकासासाठी, अर्थव्यवस्था सावरण्यासाठी किंवा तिथल्या लोकांच्या कल्याणासाठी वापरायची. न्यायालयाने म्हटलं, विकास म्हणजे आर्थिकदृष्ट्या धड असलेला विकास. पाया तसा असता तर राजकीय आणि व्यापारी बाबी जोडीला विचारात घ्यायला हरकत नव्हती. पायाच नसताना त्या बाबींवर इमारत उभी करता येत नाही. मदत बेकायदा ठरली. संस्थेचा स्वतःचा एक पैसाही यात अडकलेला नव्हता, तरी तिला दाद मागण्याचा हक्क आहे असं मान्य झालं. दुसरं कोण येणार होतं, हा न्यायालयाच्या विचारातला एक मुद्दा होता.

डिसेंबरमध्ये हर्ड यांनी जाहीर केलं की करार पाळला जाईल, पण पेर्गाऊचे पुढचे पैसे मदतीच्या तरतुदीबाहेरून येतील. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा तो तिसरा मार्ग.

नंतरच्या गोष्टी थोडक्यात. १९९७ मध्ये मदतीचं स्वतंत्र मंत्रालय झालं, एड अँड ट्रेड प्रोव्हिजन बंद झाली, संसदेत त्या मंत्रालयावर लक्ष ठेवणारी समिती आली. २००२ च्या कायद्याने गरिबी कमी करणं हा मदतीचा निकष ठरवला. २०११ मध्ये मदतीच्या परिणामाची तपासणी करणारा स्वतंत्र आयोग आला आणि तो आपले अहवाल संसदेच्या समितीला देऊ लागला. २०२० मध्ये मंत्रालय पुन्हा परराष्ट्र खात्यात विलीन झालं. समिती मात्र टिकली. एका मंत्र्याच्या दोन खुर्च्या परत आल्या आहेत, त्यामुळे ही समिती टिकली हे मला फार मोलाचं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च १९८९ मध्ये पाहुणे येणार म्हणून तपासणी उरकण्याऐवजी ‘आम्ही विचार करतो आहोत’ एवढं बोलून पाहुण्यांना पाठवता आलं असतं. किंमत वाढली त्या आठवड्यात देकार थांबवता आला असता. १९९१ मध्ये पैशाचं पाकीट बदलता आलं असतं. या तिन्ही ठिकाणी निर्णय घेणाऱ्यांकडे पुरेशी माहिती होती.

एका जागी लँकेस्टर यांच्या बाजूचीही उणीव दिसते. त्यांची हरकत पैशाच्या मोबदल्याची होती. कायद्याच्या पहिल्या कलमात हे बसतं का, हा प्रश्न त्यांनी हरकतीचा आधार केला नाही. तो तेव्हाच कायदेतज्ज्ञांपुढे ठेवला असता तर हर्ड यांना आदेश देणं खूप अवघड गेलं असतं. हिशेब पाहणारी माणसं दर आणि नफातोटा चोख तपासतात आणि मूळ अधिकार कुठून येतो हे गृहीत धरतात. मी स्वतः टिपण्या तपासताना हे कितीदा पाहिलं आहे.

आता त्या सव्वादोन वर्षांबद्दल. त्या वेळचा नियम असा होता की खर्च अनियमित किंवा अनुचित असल्याची हरकत मंत्र्याने डावलली तर कागद लेखापरीक्षकांकडे पाठवायचे. केवळ ‘मोबदला मिळत नाही’ अशी हरकत डावलली तर पाठवण्याचं बंधन नव्हतं. लँकेस्टर यांची हरकत या दुसऱ्या खणात पडली आणि फाइलीत राहिली. १९९१ च्या जुलैतच ती लेखापरीक्षकांच्या हाती असती, तर समितीची साक्ष बहुतेक पैसे द्यायचे बाकी असताना झाली असती. पेर्गाऊनंतर नियम बदलला: मोबदल्याच्या हरकतीवरचा आदेशही विनाविलंब महालेखापरीक्षकांकडे जातो. एवढ्या मोठ्या वादळातून निघालेली सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी दुरुस्ती ही आहे.

भारत आता मदत घेण्यापेक्षा देणारा देश म्हणून अधिक ओळखला जातो. परराष्ट्र मंत्रालयात २०१२ पासून विकास भागीदारीचा वेगळा विभाग आहे, एक्झिम बँकेमार्फत शेजारी आणि आफ्रिकी देशांना सवलतीची कर्जं जातात, अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतातलं सलमा धरण आपण बांधून दिलं. संसदेची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती या मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासते, पण लोकसभेत बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकत्र मंजूर होतात. वित्तीय नियमांनुसार आपल्याकडेही खात्याचा सचिवच मुख्य लेखा प्राधिकारी असतो. परदेशातल्या एखाद्या प्रकल्पावर त्याने ‘हे गणित जुळत नाही’ असा शेरा लिहिला आणि तो डावलून आदेश निघाला, तर दोन्ही कागद त्याच आठवड्यात महालेखापरीक्षकांकडे गेले पाहिजेत, असं एक कलम त्या नियमांत मला हवं आहे. स्थायी समितीने पुढच्या मागण्या तपासताना पहिली शिफारस हीच करावी.